विनयभंग की पोक्सोतला लैंगिक हल्ला? मूल १८ वर्षांखालचं असेल तर एफआयआरमध्ये काय पाहायचं

समजा, शिकवणीच्या जिन्यात कुणी आठवीतल्या मुलीच्या छातीला हात लावला. आईवडील ठाण्यात जातात, तीन-चार तास थांबतात आणि एफआयआरची प्रत घेऊन बाहेर पडतात. प्रतीवर असतं: भारतीय न्याय संहिता, कलम ७४. म्हणजे विनयभंग. गुन्हा नोंदला गेला, म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात. हे कलम चुकीचं नाही, पण एवढंच लागलं असेल तर ते फार अपुरं आहे. त्याच कृत्याला पोक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अपराधांच्या कायद्याचं, कलम ८ लागायला हवं. आणि आरोपी त्या शिकवणीचाच शिक्षक किंवा कर्मचारी असेल, तर त्याहून कडक असलेलं कलम १०.

आधी विनयभंग पाहू. स्त्रीवर हल्ला करणं किंवा तिच्यावर फौजदारी बळ वापरणं, आणि त्यामागे तिचा विनयभंग करण्याचा हेतू किंवा तसा तो होईल याची जाणीव असणं, असा हा गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड विधानात तो कलम ३५४ होता. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत तो ७४ झाला. घटना त्या तारखेपूर्वीची असेल, तर तक्रार आज दिली तरी ३५४च लागतं. कायद्यात 'स्त्री' म्हणजे कोणत्याही वयाची. साडेसात महिन्यांच्या बाळाच्या बाबतीतही विनयभंग होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच पंजाबच्या एका खटल्यात ठरवलं. पण पीडित मुलगा असेल, तर हे कलम लागतच नाही.

पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२चा कायदा, वेगळ्याच ठिकाणाहून सुरुवात करतो. इथे १८ वर्षांखालची कोणतीही व्यक्ती बालक आहे, मग ती मुलगी असो, मुलगा असो की तृतीयपंथी. 'तिची संमती होती' हा बचाव इथे चालत नाही. कलम ७ मध्ये लैंगिक हल्ल्याची व्याख्या आहे (त्याची शिक्षा कलम ८ मध्ये) आणि तिचे दोन भाग आहेत. पहिला: लैंगिक हेतूने मुलाच्या योनी, लिंग, गुदद्वार किंवा छातीला हात लावणं, अथवा मुलाला स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या या अवयवांना हात लावायला लावणं. दुसरा: लैंगिक हेतूने केलेलं, शरीराचा संपर्क येणारं पण प्रवेश नसलेलं इतर कोणतंही कृत्य. मांडीवरून हात फिरवणं, जबरदस्तीने मुका घेणं, अंगाला अंग घासणं हे या दुसऱ्या भागात येतं. पालकांच्या संमतीने होणारी वैद्यकीय तपासणी यातून वगळलेली आहे.

या दोन कलमांमधला फरक किती महागात पडू शकतो, हे नागपूरच्या खटल्याने दाखवलं. बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो म्हणून घरात नेऊन एका माणसाने कपड्यांवरून तिची छाती दाबली होती. सत्र न्यायालयाने पोक्सोच्या कलम ८ खाली तीन वर्षांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये ती रद्द केली. त्वचेचा त्वचेशी थेट संपर्क आला नाही, म्हणून हा लैंगिक हल्ला नव्हे, फक्त विनयभंग, असं म्हणून शिक्षा एका वर्षावर आणली. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. कलम ७ मध्ये महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू, मध्ये कापड होतं की नाही हे नव्हे, असं स्पष्ट करून तीन वर्षांची सक्तमजुरी कायम केली. तरीही 'कपड्यांवरूनच तर हात लावला' हे वाक्य आजही ऐकू येतं. कुणी ठाण्यात तसं म्हणालं, तर या निकालाची तारीख सांगावी.

शिक्षेचं गणित असं. विनयभंगाला किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं आणि दंड. पोक्सोच्या कलम ८ ला किमान तीन, कमाल पाच आणि दंड. कमाल सारखीच दिसते म्हणून फसू नये, कारण खरा फरक किमान शिक्षेत आहे. विनयभंगात न्यायाधीश एका वर्षावर थांबू शकतात, कलम ८ मध्ये तीनच्या खाली जाता येत नाही. कलम ९ आणि १० सर्वांत जास्त निसटतात. मूल १२ वर्षांखालचं असेल, आरोपी नातेवाईक किंवा त्याच घरात राहणारा असेल, शाळा, रुग्णालय, धार्मिक संस्था किंवा बालगृहातला कर्मचारी असेल, पोलीस किंवा सरकारी नोकर असेल, कृत्य एकापेक्षा जास्त वेळा झालं असेल, मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेतला असेल, तर तो गंभीर स्वरूपाचा लैंगिक हल्ला ठरतो आणि शिक्षा पाच ते सात वर्षं होते. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या एफआयआरमध्ये नुसतं कलम ८ दिसलं, तर ते तिथेच दुरुस्त करून मागावं. स्पर्शच नसेल, म्हणजे अश्लील बोलणं, हावभाव, फोटो दाखवणं, पाठलाग असेल, तर कलम ११ आणि १२ ची लैंगिक सतावणूक होते. तिला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

खटला चालतो तेव्हा अंतर आणखी वाढतं. फक्त ७४ असेल तर खटला दंडाधिकाऱ्यांसमोर चालतो, हेतू सिद्ध करण्याचा सगळा भार सरकारी पक्षावर असतो आणि बचावाचे वकील मुलीची थेट उलटतपासणी घेतात. पोक्सोचा खटला विशेष न्यायालयात चालतो. कलम २९ नुसार आरोपीने कृत्य केलं असं न्यायालय गृहीत धरतं आणि कलम ३० नुसार लैंगिक हेतूही गृहीत धरला जातो. तो हेतू नव्हता हे आरोपीला वाजवी संशयापलीकडे दाखवावं लागतं. अर्थात मूल बालक आहे आणि घटना घडली, हे पायाभूत मुद्दे आधी सरकारी पक्षानेच उभे करायचे असतात. ते ढिले असतील तर गृहीतक उपयोगी पडत नाही. सुनावणी बंद दालनात होते. मुलाला आरोपी दिसणार नाही अशी सोय करायची असते. वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांकडे जातात आणि तेच मुलाला विचारतात. मुलाची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवायचा असतो.

तपासाच्या टप्प्यावरही तेच. विनयभंगातही फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. पोक्सोत मात्र जबाब मुलाच्या घरी किंवा मूल सांगेल तिथे, पोलिसांनी गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समिती मुलाला सहायक व्यक्ती, म्हणजे तपासात आणि खटल्यात सोबत राहणारं माणूस, देऊ शकते आणि विशेष न्यायालय अंतरिम भरपाईचा आदेश करू शकतं. नुसत्या ७४ मध्ये ही वाट आपोआप उघडत नाही.

पोक्सोत कळवणं हे सर्वांचंच कर्तव्य आहे. माहिती असून पोलिसांना न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थेच्या प्रमुखाला वर्षभरापर्यंत शिक्षा होऊ शकते. शाळेने 'आम्ही आधी आमची चौकशी करतो' म्हणून थांबणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. सद्हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे.

प्रकरणं कमकुवत होतात ती बहुधा जबाबात. 'छेड काढली', 'वाईट वागला', 'घाणेरडं केलं' असं लिहिलं की कलम ७ मधला अवयव कुठेच येत नाही आणि बचावाला हवी ती फट मिळते. मुलाने जे शब्द वापरले तेच लिहून घ्यावेत, घरगुती असले तरी. कुठे हात लावला, कपड्यांवरून की आतून, किती वेळा, तेव्हा तो काय म्हणाला, मूल त्याला कोणत्या नावाने हाक मारतं, हे सगळं यायला हवं. पण मुलाकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. उत्तरं पढवल्यासारखी वाटली की न्यायालयात तीच अडचण होते.

दुसरी कच्ची कडी वयाची. शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं दहावीचं प्रमाणपत्र आधी चालतं. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांवरून वय ठरवण्याची तपासणी. मूळ कागद आठवड्याभरात तपास अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी. आरोपीही १८ खालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

एफआयआरमध्ये पोक्सो राहिलाच असेल, तर मुलाचं वय आणि स्पर्शाचं वर्णन देऊन कलम वाढवण्याचा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला द्यावा. एक प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना, एक बालकल्याण समितीला. तरी हालचाल नसेल तर विशेष न्यायालयात थेट तक्रार करता येते. दोषारोपपत्र दाखल झालं असलं, तरी निकाल लागेपर्यंत आरोप बदलण्याचा अधिकार न्यायालयाला असतो. तातडीची मदत हवी असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ किंवा आपत्कालीन क्रमांक ११२.