भांडवल ‘ठेवले’ कोठे आहे?

ऑगस्ट-सप्टेंबर हा पुण्यात वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम असतो. सहकारी बँका, पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्था यांचे अहवाल घरोघर येऊन पडतात, आणि प्रत्येक सभेत कोणी ना कोणी सभासद उठून विचारतात की, संस्थेचे एवढे भांडवल अहवालात दाखवले आहे, तर ते ठेवले कोठे आहे? व्यासपीठावरून उत्तर मिळते की, ते सुरक्षित ठिकाणी गुंतवलेले आहे. या प्रश्नातच गोंधळ आहे आणि उत्तर त्यावर शिक्कामोर्तब करते. वर्तमानपत्रांचे अर्थविषयक पानही याला अपवाद नाही. ‘बँकांनी अधिक भांडवल बाजूला काढून ठेवावे’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की, आता त्याचा राग येण्याऐवजी कंटाळा येतो. भांडवल बाजूला काढून ठेवताच येत नाही. बाजूला काढून ठेवता येते ती मालमत्ता.

मालमत्ता म्हणजे काय, हे वाचकाला सांगण्याची गरज नाही. रोकड, बँकेतील शिल्लक, यंत्र, माल, इमारत, ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम या सगळ्यांकडे बोट दाखवता येते. हिशेबाच्या अर्थाने भांडवल हा मात्र या सर्व मालमत्तेवर असलेला मालकांचा हक्क आहे. एकूण मालमत्तेतून बाहेरच्यांची देणी वजा केल्यावर जो आकडा उरतो, तो. या आकड्याच्या नावाने तिजोरीत वेगळा कप्पा नसतो. ताळेबंदाची एक बाजू पैसा कोणाकडून आला हे सांगते आणि दुसरी त्या पैशाचे आज काय झाले आहे हे सांगते, आणि भांडवल कायम पहिल्या बाजूला असते. बँकिंग नियमन कायद्याने ठरवून दिलेल्या ताळेबंदाच्या नमुन्यात तर वरच्या भागाचे शीर्षकच ‘भांडवल आणि देणी’ असे आहे आणि मालमत्ता त्याखाली स्वतंत्र येते.

व्याख्या वाचून हा फरक पटतो, पण टिकत नाही. आकडे हलताना पाहिले म्हणजे टिकतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांचे एक कल्पित वर्कशॉप आहे असे धरू. मालकाने खासगी मर्यादित कंपनी काढून स्वतःचे २० लाख रुपये घातले आणि बँकेकडून ३० लाखांचे कर्ज घेतले. या ५० लाखांपैकी ३० लाखांचे यंत्र आले, ४ लाखांचा कच्चा माल गोदामात आहे, ८ लाख एका मोठ्या ग्राहकाकडून येणे आहेत आणि उरलेले ८ लाख बँकेत शिल्लक आहेत. सोयीसाठी नफा आणि घसारा बाजूला ठेवू. मालमत्ता ५० लाख, देणी ३० लाख, भांडवल २० लाख.

आता मालकाने बँकेतील ८ लाखांतून ५ लाखांचे कर्ज फेडले. शिल्लक ३ लाखांवर आली, कर्ज २५ लाखांवर आले, आणि भांडवल होते तिथेच, २० लाखांवर, राहिले. पैसा गेला, भांडवल गेले नाही. याउलट समजा की, कर्ज फेडले नाही, पण तो मोठा ग्राहक बुडाला आणि त्याच्याकडचे ८ लाख बुडीत खाती टाकावे लागले. बँकेतील शिल्लक एका रुपयानेही हलली नाही, यंत्र जागेवर आहे, कच्चा माल गोदामात आहे, आणि तरीही भांडवल २० लाखांवरून १२ लाखांवर आले. भांडवल गेले, पैसा गेला नाही. भांडवल जर कोठे ठेवलेला पैसा असता, तर या दोन घटना एकमेकींपासून अशा सुट्या घडूच शकल्या नसत्या.

भांडवल तोटा सोसते आणि रोकड देणे भागवते. उद्योग बुडतो तो या दोहोंपैकी कशाच्या अभावी, हा प्रश्न म्हणूनच नेहमी वेगळा विचारावा लागतो. चाकण-भोसरीतील पुष्कळ लघुउद्योजक भांडवल भक्कम असतानाही पगाराच्या तारखेला घाम गाळतात, कारण त्यांचे सगळे अडकलेले असते येण्यांमध्ये. दुसरीकडे, ज्यांचे भांडवल कधीच संपले आहे असे काही जण ग्राहकांच्या आगाऊ रकमांवर वर्षानुवर्षे थाटात धंदा करतात.

बँकेच्या बाबतीत हा गोंधळ सर्वांत महाग पडतो. एखाद्या बँकेच्या ९२० कोटींच्या ठेवी आहेत आणि सभासदांचा स्वनिधी, म्हणजे भागभांडवल आणि राखीव निधी मिळून, ८० कोटी आहे. या १,००० कोटींतून तिने कर्जे दिली, सरकारी रोखे घेतले आणि १०० कोटी रोख स्वरूपात ठेवले. कर्जांपैकी ८० कोटी बुडाले तर स्वनिधी शून्यावर येतो आणि तिजोरीतील १०० कोटी मात्र जसेच्या तसे असतात. खिडकीवर पैसे मिळत आहेत, म्हणून बँक सुस्थितीत आहे, हा निष्कर्ष त्यामुळेच निरर्थक ठरतो. रिझर्व्ह बँक रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींचा किती हिस्सा तिच्याकडे रोख ठेवायचा ते, ठरवते ते मालमत्तेच्या बाजूला, आणि भांडवल पर्याप्तता प्रमाण ठरवते ते निधी कोठून आला त्या बाजूला. पहिल्यासाठी पैसा खरोखरच बाजूला ठेवावा लागतो. दुसऱ्यासाठी काहीही बाजूला ठेवायचे नसते. दिलेल्या कर्जांचा पुरेसा भाग ठेवीदारांच्या पैशाऐवजी मालकांच्या पैशातून दिलेला असावा, एवढीच त्याची अट असते. १९१२ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने दिलेल्या कारणांत पुरेसे भांडवल नसणे हे ठळक कारण होते. ज्यांनी त्या काळात खात्यातून पैसे काढण्याच्या मर्यादेचे चटके सोसले, त्यांना तरी ही दोन प्रमाणे एकच आहेत असे कोणी सांगू नये.

मग हा गोंधळ एवढा चिवट का? माझ्या मते त्याचे मूळ गृहनिर्माण संस्थांमध्ये आहे, कारण ‘निधी कोठे ठेवला आहे’ हा प्रश्न तेथे खरोखरच योग्य असतो. आदर्श उपविधींनुसार प्रत्येक सदनिकेकडून, जमिनीची किंमत वगळून, बांधकामखर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के या दराने सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा निधी, गोळा करायचा असतो आणि तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या तरतुदींप्रमाणे गुंतवून ठेवायचा असतो. येथे निधी डाव्या बाजूला आणि त्याच्या समोरची मुदतठेव उजव्या बाजूला, अशा दोन स्वतंत्र नोंदी असतात, आणि त्या जुळल्या पाहिजेत असा दंडक आहे. प्रत्यक्षात डावीकडे १८ लाखांचा निधी आणि उजवीकडे ७ लाखांच्या ठेवी असे चित्र अनेकदा दिसते, कारण मधल्या काळात लिफ्ट आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांवर पैसा चालू खात्यातून खर्च झालेला असतो आणि निधीचा आकडा कोणी कमी केलेला नसतो. अशा सभेत ‘निधीसमोर गुंतवणूक किती?’ असे विचारणारा सभासद शंभर टक्के बरोबर असतो. तोच सभासद पुढच्या रविवारी बँकेच्या सभेत जाऊन तोच प्रश्न भागभांडवलाबद्दल विचारतो, आणि तेथे तो चुकतो.

कायद्याकडे वळले की भांडवल गोठते. वर्कशॉपचे ८ लाख बुडाले तेव्हा हिशेबाच्या अर्थाने भांडवल १२ लाख उरले, पण कायद्याच्या अर्थाने त्या कंपनीचे वसूल भागभांडवल, म्हणजे भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेली रक्कम, आजही २० लाखच आहे आणि तोटा त्याच्याखाली वजा म्हणून वेगळा दाखवला जातो. हा आकडा गोठवण्यामागे धनकोंचे हित आहे. इंग्लंडमधील हाउस ऑफ लॉर्ड्सने १८८७ साली ट्रेव्हर विरुद्ध व्हिटवर्थ या खटल्यात असे ठरवले की, कंपनीला स्वतःचेच भाग विकत घेऊन भागधारकांना त्यांचे पैसे गुपचूप परत करता येणार नाहीत. धंद्यात भांडवल बुडण्याचा धोका धनकोंनी पत्करलेला असतो, ते मालकांच्या खिशात परत जाण्याचा नव्हे. आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ मध्ये भाग परत खरेदी करण्याची मर्यादित मुभा आहे, पण भांडवल घटवायचे असेल तर कलम ६६ खाली न्यायाधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. वसूल भांडवल हाताशी ठेवावे लागते, ही समजूत येथूनच पसरते. कलम १० अ प्रमाणे नव्या कंपनीच्या संचालकाने नोंदणीपासून १८० दिवसांत असे घोषित करायचे असते की, भागांची रक्कम कंपनीला मिळाली आहे. ती मिळाली पाहिजे, एवढेच. दुसऱ्याच दिवशी ती यंत्रावर खर्च केली तरी कायद्याची काहीही हरकत नाही.

अधिकृत भांडवलाबद्दल तर बोलूच नये असे वाटते. किती रकमेपर्यंतचे भाग कंपनी काढू शकते, त्याची ती केवळ कमाल मर्यादा आहे, आणि तिच्यासाठी सरकारदरबारी शुल्क भरले की ती वाढते. तरीही ‘आमची पाच कोटींची कंपनी आहे’ असे व्हिजिटिंग कार्डावर छापणारे महाभाग मला भेटतात, ज्यांचे वसूल भांडवल एक लाख असते. खासगी कंपनीसाठी किमान एक लाखाची जी अट होती, तीही २०१५ च्या दुरुस्तीने गेली. बाजारमूल्य हा आणखी वेगळा आकडा आहे. शेअरचा भाव १० रुपयांवरून १,२०० वर गेला म्हणून कंपनीच्या भांडवलात एक पैसाही वाढत नाही, एवढे सांगून मी पुढे जातो.

अर्थशास्त्रज्ञ मात्र ताळेबंदाच्या उजव्या, म्हणजे मालमत्तेच्या, बाजूला उभे असतात, आणि त्यांच्याशी बोलताना सगळेच उलटे धरावे लागते. त्यांच्या लेखी भांडवल म्हणजे उत्पादनासाठी वापरली जाणारी, माणसाने निर्माण केलेली साधने. आपल्या वर्कशॉपमध्ये त्यांना ३४ लाखांचे भांडवल दिसते, ३० लाखांचे यंत्र आणि ४ लाखांचा कच्चा माल. बँकेतील पैसा आणि ग्राहकाचे येणे ते धरत नाहीत, आणि यंत्र कोणाच्या कर्जातून आले याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. ग्राहक बुडाला तरी त्यांचा आकडा ३४ लाखच राहतो. एकाच वर्कशॉपबद्दल कायदा २०, हिशेब १२ आणि अर्थशास्त्र ३४ लाख म्हणते, आणि तिघांचेही बरोबर असते. याच तर्काने पुणे मेट्रोचे मार्ग ही भांडवलनिर्मिती ठरते, पण कोथरूडमधला जुना फ्लॅट एकाने दुसऱ्याला दुप्पट किमतीत विकला तर तो व्यवहार भांडवलनिर्मितीत धरला जात नाही. तेथे फक्त मालक बदलतो. जमीनही भांडवल नाही, कारण ती कोणी उत्पादित केलेली नाही.

आणि नेमक्या याच ठिकाणी आयकर कायदा येऊन उभा राहतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाकडे विक्रीसाठी मांडलेल्या पाटल्या हा अर्थशास्त्राच्या लेखी मालसाठा, म्हणजे भांडवल. आयकराच्या लेखी तो व्यापारी साठा असल्याने भांडवली मत्ता, म्हणजे जिच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो अशी वस्तू, नव्हे. त्याच पाटल्या कोणी विकत घेऊन घरच्या कपाटात ठेवल्या की अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्या उत्पादनाचे साधन राहत नाहीत, आणि आयकर कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याच क्षणी भांडवली मत्ता होतात. शेतजमिनीचेही तसेच. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या पुण्यासारख्या महापालिकेच्या हद्दीत किंवा हद्दीपासून हवाई अंतराने आठ किलोमीटरच्या आत असलेली शेतजमीन ही भांडवली मत्ता आहे, त्यापलीकडची ग्रामीण शेतजमीन नाही, आणि त्यामुळे महापालिकेची हद्द सरकली की हवेली तालुक्यातल्या वावराचा करही बदलू शकतो. येथे तर्क शोधत बसू नये. करआकारणीच्या सोयीसाठी केलेली ती व्याख्या आहे आणि तेवढ्यापुरतीच ती वापरावी.

राहिले खेळते भांडवल, ज्याच्यावर माझा विशेष राग आहे, कारण तेथे एकच नाव दोन परस्परविरोधी गोष्टींना सर्रास दिले जाते. कारखान्याचे खेळते भांडवल म्हणजे चालू मालमत्तेतून चालू देणी वजा जाता उरलेली रक्कम. सहकारी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या अहवालातील खेळते भांडवल म्हणजे स्वनिधी, ठेवी आणि बाहेरून घेतलेली कर्जे या सर्वांची बेरीज. पहिल्यात देणी वजा होतात आणि दुसऱ्यात मिळवली जातात. त्यामुळे ‘खेळत्या भांडवलात २० टक्के वाढ’ असे मुखपृष्ठावर छापलेले असले तरी त्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की, लोकांच्या ठेवी वाढल्या, म्हणजे बँकेची देणी वाढली. अहवाल हातात आला की ते पान उलटावे आणि भांडवल पर्याप्तता प्रमाणाची ओळ शोधावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकेसाठी ते किमान ९ टक्के आणि बहुतेक मोठ्या बँकांसाठी १२ टक्के असायला हवे, आणि त्या १२ टक्क्यांपर्यंत पोहोचण्याची मुदत ३१ मार्च २०२६ ही होती. सभेत उठून विचारायचे असेल तर हे प्रमाण गेल्या वर्षीपेक्षा घटले असल्यास का घटले, हे विचारावे.