‘ओरडली का नाही?’ या प्रश्नाबाबत खुलासा

‘बाई ओरडली नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती,’ हा लैंगिक अत्याचाराबद्दलचा समज विदर्भातल्या गावांत अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे. भीतीने शरीर गोठते आणि आवाज फुटत नाही. ती मज्जासंस्थेची प्रतिक्रिया असते, होकार नव्हे. आपल्याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये जवळपास याच तर्काने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, आणि देशभर निषेध झाल्यावर १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. आज केवळ प्रतिकार केला नाही म्हणून कायदा संमती मानत नाही.

खरे नुकसान मात्र पुढे होते, कारण हाच प्रश्न अत्याचार सोसलेली बाई स्वतःलाही विचारत राहते आणि मदत मागायची टाळते. तक्रार नोंदवलेली नसली तरी सरकारी वा खाजगी दवाखान्याने तिच्यावर तातडीने मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. पोलिसांना दवाखाना कळवतो. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. बोलायला १८१ (महिला हेल्पलाइन) आणि १४४१६ (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) हे क्रमांक आहेत. रात्री प्रसंग डोळ्यांसमोर आला, तर पाय जमिनीवर टेकवून, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घेत सावकाश श्वास सोडल्याने थोडे सावरता येते, पण समुपदेशनाची जागा हा उपाय घेत नाही.