तीन लाख उल्लेखांचा शोधनिबंध

जीवरसायनशास्त्रातल्या संशोधकाची ओळख करून देताना त्याचे शोधनिबंध किती आणि इतरांनी त्यांचे संदर्भ किती वेळा दिले, हे दोन आकडे आता हमखास सांगितले जातात. नेमणुका, बढत्या आणि अनुदानेही बऱ्याच ठिकाणी त्यांवरच ठरतात. या आकड्यांतून नेमके काय कळते, हे तपासायचे असेल तर अमेरिकी शास्त्रज्ञ ऑलिव्हर लाउरी यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही, कारण 2014 साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाने सर्वाधिक उल्लेखिलेल्या शंभर शोधनिबंधांची यादी छापली तेव्हा तीन लाखांहून अधिक उल्लेखांसह पहिला क्रमांक त्यांच्या निबंधाचा होता.

हा निबंध लाउरी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून 1951 मध्ये 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'त प्रसिद्ध केला. त्यात नवा सिद्धांत नाही की नव्या रेणूचा शोध नाही. एखाद्या द्रावणात प्रथिन किती आहे, ते कसे मोजावे, एवढेच त्यात सांगितले आहे. नमुन्यात आधी अल्कधर्मी द्रावणातले तांबे मिसळायचे. ते प्रथिनाच्या पेप्टाइड बंधांशी, म्हणजे त्यातल्या अमिनो आम्लांना जोडणाऱ्या दुव्यांशी, जोडले जाते. दहा मिनिटांनी फोलिन अभिकर्मक (रंग आणणारे रसायन) घालून नळी लगेच हलवायची, कारण अल्कधर्मी द्रावणात हा अभिकर्मक फार काळ टिकत नाही. मग अर्ध्या तासात पिवळसर द्रावण निळे होत जाते. प्रथिन जितके जास्त, तितका निळा रंग गडद, आणि तो गडदपणा उपकरणावर मोजता येतो. मायक्रोग्रॅमच्या अंशाइतके प्रथिनही अशा रीतीने मोजता येऊ लागले. जुन्या बाययुरेट पद्धतीच्या सुमारे शंभरपट ही संवेदनशीलता होती.

एन्झाइम (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) शुद्ध करणारा असो, यकृताच्या पेशींवर काम करणारा असो की पिकांच्या बियाण्यांचा अभ्यास करणारा, दर मिलिग्रॅम प्रथिनामागे किती क्रिया घडली हे प्रत्येकाला सांगावे लागते. म्हणून प्रत्येकाला हे मोजमाप करावे लागले आणि ते कोणत्या पद्धतीने केले हे निबंधात नोंदवावे लागले. मुळात हा निबंध लिहिला गेला तोच या गरजेपोटी: पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे अर्ल सदरलँड यांना ती पद्धत वापरल्याचा संदर्भ द्यायला छापील काहीतरी हवे होते. हे आपले फार मोठे काम नव्हे, असे लाउरींनी स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगितले.

त्याच यादीतला दुसरा आणि तिसरा क्रमांकही प्रथिनांच्या पद्धतींचाच आहे: लेम्ली यांची 1970 ची प्रथिने विलग करण्याची पद्धत आणि ब्रॅडफर्ड यांची 1976 ची प्रथिनमापनाची पद्धत. वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा डीएनएच्या रचनेवरील निबंध मात्र या शंभरांत नाही. जे ज्ञान पाठ्यपुस्तकात जाते, त्याचा मूळ संदर्भ द्यायची गरज कोणाला वाटेनाशी होते. पद्धतीचा संदर्भ मात्र प्रत्येक वेळी नव्याने द्यावा लागतो. म्हणजे उल्लेखांची संख्या प्रामुख्याने वापर मोजते, आणि वापर हीही मोठी गोष्ट आहे. पण तिला विचारांच्या खोलीचे माप समजणे चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

2005 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला. ज्याच्या चाळीस निबंधांना प्रत्येकी किमान चाळीस उल्लेख मिळाले आहेत, पण एक्केचाळीस निबंधांना प्रत्येकी किमान एक्केचाळीस मिळालेले नाहीत, त्याचा निर्देशांक चाळीस. या हिशेबात लाउरींच्या तीन लाख उल्लेखांच्या निबंधाने फार तर एकाचीच भर पडते! एक माप या निबंधाला डोक्यावर घेते, तर दुसरे त्याला इतर कोणत्याही निबंधाच्या रांगेत बसवते. एकाच माणसाच्या कामाविषयी दोन्ही मापे इतकी वेगळी बोलत असतील, तर निवड समितीने निबंध उघडून वाचायलाच हवेत.

वाचणाऱ्याला लाउरींचे खरे वेड कशाचे होते तेही दिसेल. क्वार्ट्झच्या केसासारख्या तंतूचा तराजू करून त्यांनी चेतापेशींचे तुकडे तोलले आणि एकेका पेशीतली एन्झाइमे मोजली. मेंदूच्या रसायनशास्त्राला त्यातून मिळालेले बळ मोठे आहे, पण इतके नाजूक काम रोज करणाऱ्या प्रयोगशाळा थोड्याच असल्याने त्याचे उल्लेखही त्या मानाने थोडेच झाले. प्रथिनमापनासाठी तर आता बऱ्याच प्रयोगशाळा तयार संच विकत घेतात आणि निबंधात उत्पादक कंपनीचे नाव लिहितात. संचातली रासायनिक क्रिया लाउरींची असली, तरी त्यांच्या खात्यावर तो उल्लेख जमा होत नाही.