अनेक सर्व्हर, अनेक अ‍ॅडमिन : प्रशासकीय पासवर्ड बदलण्याच्या कामाची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरमधील एखाद्या मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत, लातूर-नांदेडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक विभागात किंवा धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या साखर कारखान्याच्या कार्यालयात आज एकाच यंत्रावर वेब अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचे (ब्राउझरमधून वापरायचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) चार-पाच इन्स्टन्स, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रती, चालू असणे ही नित्याची गोष्ट झाली आहे. एक प्रवेशप्रक्रियेसाठी, एक शुल्क भरण्यासाठी, एक हिशेबासाठी, आणि एक केवळ चाचणीपुरता सुरू केलेला व नंतर बंद करायचा राहून गेलेला. यांतल्या प्रत्येकाचा अ‍ॅडमिन वेगळा आणि त्याचा पासवर्डही वेगळ्या ठिकाणी ठेवलेला असतो. हे सगळे पासवर्ड एकाच वेळी बदलायचे म्हटले की वरकरणी अर्ध्या तासाचे वाटणारे काम अनेक दिवस रेंगाळते. यामागे नेहमीच कर्मचाऱ्याची हयगय असते असे नाही. पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलण्याचा नियम ज्या काळात रूढ झाला, त्या काळात यंत्र एक होते आणि पासवर्डची फाइलही एकच होती. सर्व्हर पुढे वाढत गेले, पण नियम होता तसाच राहिला.

संगणकावरील पासवर्डची सुरुवात सामान्यतः अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६१ साली पहिल्यांदा दाखवल्या गेलेल्या सीटीएसएस या प्रणालीपासून मानली जाते. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रणालीत एकाच यंत्रावर अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून काम करत, आणि प्रत्येकाच्या फाइली खासगी राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिलेला होता. हे सारे पासवर्ड एकाच फाइलमध्ये, जसेच्या तसे वाचता येतील असे ठेवलेले होते. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाने यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून ती फाइलच छापून घेतली. १९६६ मध्ये तर तात्पुरत्या फाइलींच्या गोंधळामुळे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी पासवर्डची संपूर्ण यादी पडद्यावर दिसू लागली. अशा प्रसंगी सगळ्यांचे पासवर्ड बदलणे भागच होते, आणि ते शक्यही होते, कारण बदलायची जागा एकच होती.

यानंतर लक्ष वळले ते फाइल चोरीला गेली तरी पासवर्ड उघड होऊ नये याकडे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये युनिक्समधील पासवर्डच्या सुरक्षिततेविषयी लिहिलेल्या निबंधात पासवर्ड थेट न साठवता त्याचे एकमार्गी रूपांतर साठवण्याची आणि त्यात प्रत्येक वेळी वेगळी अशी १२ बिटांची भर घालण्याची पद्धत मांडली. आज आपण ज्याला हॅश आणि सॉल्ट म्हणतो, त्याची मुळे तिथे आहेत. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण विभागाने पासवर्ड व्यवस्थापनाची मार्गदर्शिका काढली. पासवर्ड किती काळ वापरला जाईल, या काळात कोणी किती वेगाने अंदाज करू शकेल आणि एकूण किती पासवर्ड शक्य आहेत, या तीन गोष्टींवरून तो फुटण्याची शक्यता काढण्याचे सूत्र तिच्यात होते, आणि एकच पासवर्ड वर्षापेक्षा अधिक काळ वापरू नये अशी शिफारसही होती. पुढे अनेक कार्यालयांनी ही मुदत ९० दिवसांवर आणली. मूळ सूत्रातले गणित मागे पडले आणि तारीख तेवढी उरली, हे या इतिहासातले मला सर्वांत खटकणारे वळण आहे. कारण वाढत्या सर्व्हरच्या काळात कामाचे ओझे या तारखेनेच वाढवले.

अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचा काळ सुरू झाला तो १९९०च्या दशकाच्या अखेरीस. बीईए कंपनीने १९९८ मध्ये वेबलॉजिक विकत घेतले, आयबीएमचे वेबस्फिअर त्याच वर्षी बाजारात आले, आणि १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आपला सर्व्हलेट इंजिनाचा (जावा भाषेतले वेब प्रोग्राम चालवणाऱ्या भागाचा) कोड अपाचे संस्थेला दिल्यानंतर टॉमकॅट जन्माला आला. ब्राउझरमधून उघडणारे प्रशासनाचे पान, म्हणजे अ‍ॅडमिन कन्सोल, ही या उत्पादनांची मोठी सोय होती. नवे अ‍ॅप्लिकेशन चढवायचे, जुने उतरवायचे, डेटाबेसची जोडणी बदलायची, हे सारे दूर बसून करता येऊ लागले. पण हा कन्सोल ज्याच्या हाती गेला, त्याच्या हाती सर्व्हरच गेला, आणि या किल्लीची जागा प्रत्येक उत्पादनाने आपापल्या सोयीने ठरवली.

टॉमकॅटने ती एका साध्या एक्सएमएल फाइलमध्ये ठेवली. कॉन्फ फोल्डरमधील टॉमकॅट-युजर्स या फाइलमध्ये वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि त्याच्या भूमिका एका ओळीत लिहिलेल्या असतात. पासवर्डचे हॅश रूप ठेवण्याची सोय आहे, तरी मूळ मांडणीत तो उघडाच लिहिला जातो. वेबलॉजिकने वेगळी वाट धरली. तिथे अ‍ॅडमिनचा पासवर्ड सर्व्हरच्या आतल्या एलडॅप निर्देशिकेत (वापरकर्त्यांच्या खात्यांच्या नोंदवहीत) असतो, पण सर्व्हर माणसाच्या मदतीशिवाय सुरू व्हावा म्हणून वापरकर्त्याचे नाव व तोच पासवर्ड बूट-प्रॉपर्टीज नावाच्या फाइलमध्येही द्यावा लागतो. साध्या अक्षरांत लिहिलेल्या त्या दोन ओळी पुढच्या वेळी सर्व्हर सुरू होताना कूटबद्ध होऊन जातात. वेबस्फिअरमध्ये कॉन्फिगरेशन फाइलींतले पासवर्ड एक्सॉर या सहज उलटवता येणाऱ्या पद्धतीने केवळ रूप बदलून ठेवले जात, ज्याला संरक्षण म्हणता येणार नाही. शिवाय सर्व्हर थांबवणाऱ्या स्क्रिप्टला लागणारा पासवर्ड आणखी एका वेगळ्या फाइलमध्ये असे. सनच्या ग्लासफिशमध्ये अ‍ॅडमिनचा पासवर्ड एक आणि प्रमाणपत्रांची तिजोरी उघडणारा मास्टर पासवर्ड दुसरा, अशी विभागणी होती. पहिला एका आज्ञेने बदलता येई. दुसरा बदलण्यासाठी डोमेन (एकत्र सांभाळला जाणारा सर्व्हरचा गट) बंद करावे लागे आणि इतर यंत्रांवरील नोडवरही तो वेगळा बदलावा लागे.

बदल कुठे अडतो हे यातून दिसते. कन्सोलमध्ये जाऊन पासवर्ड बदलला की काम झाले असे वाटते, पण जुना पासवर्ड सुरू करण्याच्या फाइलमध्ये, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आणि देखरेख ठेवणाऱ्या साधनात तसाच राहिलेला असतो. चालू सर्व्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. मराठवाड्यात ही चूक बहुधा उन्हाळ्यात उघडी पडते. वीज दीर्घकाळ जाते, यूपीएसची बॅटरी संपते, जनरेटर सुरू व्हायला उशीर होतो आणि यंत्र बंद पडते. वीज परत आल्यावर बाकीचे इन्स्टन्स उठतात, आणि ज्याच्या बूट फाइलमध्ये महिन्यांपूर्वीचा पासवर्ड आहे तो उठत नाही. लॉगमध्ये (सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदींत) केवळ ओळख न पटल्याची एक ओळ असते. पासवर्ड बदलणारा माणूस तोवर तो बदल विसरलेला असतो, आणि अनेकदा तो त्या कार्यालयात उरलेलाही नसतो.

इन्स्टन्सची संख्या वाढण्यामागे टॉमकॅटच्या रचनेचाही हात आहे. मूळ स्थापना एकीकडे आणि प्रत्येक इन्स्टन्सचे स्वतःचे कॉन्फिगरेशन दुसरीकडे, अशी विभागणी कॅटलिना-होम आणि कॅटलिना-बेस या दोन मार्गांनी करता येते. रचना उत्तम आहे, पण घाईच्या कामात बहुतेक ठिकाणी वेगळेच घडते : चालता फोल्डर उचलायचा, दुसऱ्या नावाने कॉपी करायचा, ८०८० हा पोर्ट (सर्व्हर ज्यावर विनंत्या स्वीकारतो तो क्रमांक) बदलून ८०८१ करायचा, बंद करण्याचा ८००५ हा पोर्टही बदलायचा आणि सर्व्हर सुरू करायचा. या कॉपीबरोबर टॉमकॅट-युजर्स फाइलही जाते, तिच्यातल्या पासवर्डसह. त्यामुळे एका ग्राहकाच्या इन्स्टन्सचा पासवर्ड ज्याला कळला, त्याला शेजारच्या ग्राहकाचे दारही उघडे असते. आणि बदलायची वेळ आली की किती प्रती कुठे आहेत, याची नोंद कोणापाशी नसते.

वेळेचा प्रश्न याहून बिकट आहे. टॉमकॅटच्या जुन्या आवृत्त्यांत ही फाइल सर्व्हर सुरू होतानाच वाचली जाई, म्हणून पासवर्ड बदलणे म्हणजे रीस्टार्ट करणे. साखर कारखान्यात गाळप हंगाम सुरू असताना वजनकाट्याची नोंद घेणारा सर्व्हर थांबवायचा म्हणजे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यापर्यंत रांगेत उभ्या करायच्या. काट्यावरच्या पावतीवरच शेतकऱ्याचे बिल अवलंबून असते, तेव्हा असा निर्णय कोणी सहजासहजी घेत नाही. महाविद्यालयांत हीच अडचण जून-जुलैत, प्रवेशाच्या दिवसांत येते. म्हणून तिमाही बदलाचा नियम कागदावर पाळलेला दाखवायचा आणि प्रत्यक्ष बदल हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलायचा, ही रीत पडली. मी या कर्मचाऱ्यांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे ठेवलेला नियमच त्यांच्या कामाच्या वर्षाला धरून नव्हता.

व्यवस्थापन कन्सोल पासवर्डशिवाय उघडे राहिल्याचे परिणाम जगाने २०११ मध्ये पाहिले. जेबॉस या सर्व्हरच्या व्यवस्थापन कन्सोलवरील संरक्षण काही आवृत्त्यांत केवळ गेट आणि पोस्ट या दोन प्रकारच्या विनंत्यांना लागू होते. हेड प्रकारची विनंती पाठवली तर पासवर्ड न विचारताच आत जाता येई. जेबॉस बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीने ही त्रुटी एप्रिल २०१० मध्ये दुरुस्त केली, पण दुरुस्ती न केलेले असंख्य सर्व्हर तसेच चालू राहिले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांच्यातून आपोआप पसरणारा वर्म हा घातक प्रोग्राम आढळला. जेबॉसच्या ७.१ या आवृत्तीपासून व्यवस्थापनासाठी वापरकर्ता आपण होऊन तयार करावा लागतो, तयार नावाचा अ‍ॅडमिन मिळत नाही. टॉमकॅटच्या वितरणातही वापरकर्त्यांच्या ओळी टिप्पणीच्या खुणांत बंद करून (म्हणजे सर्व्हर त्या वाचणार नाही अशा) दिल्या जातात, आणि सातव्या आवृत्तीपासून मॅनेजरच्या भूमिका वेगवेगळ्या केल्या गेल्या, म्हणजे पडद्यावरून काम करणाऱ्याला आणि स्क्रिप्टला एकच अधिकार द्यावा लागत नाही. तरीही जावाच्या प्रमाणपत्र-तिजोरीचा मूळ पासवर्ड अनेक वर्षे ‘चेंज-इट’ हाच राहिला, आणि तो न बदललेली यंत्रे आजही सर्रास आढळतात.

हाताने बदल करण्याला पर्याय स्वयंचलित साधनांनी दिला. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले सीएफइंजिन, २००५ मधील पपेट आणि २०१२ मधील अ‍ॅन्सिबल यांनी एकाच वेळी अनेक यंत्रांवरील फाइल बदलणे शक्य केले. सर्व्हरची यादी एकदा लिहायची, पासवर्डच्या फाइलचा साचा तयार करायचा, आणि एकामागून एक इन्स्टन्स बदलत, रीस्टार्ट करत, लॉगिन तपासत पुढे जायचे. मात्र पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहिण्याचा धोका यातून नव्याने उभा राहिला. मायक्रोसॉफ्टच्या ग्रुप पॉलिसीमधून, म्हणजे अनेक संगणकांची सेटिंग एका ठिकाणाहून ठरवण्याच्या सोयीतून, स्थानिक अ‍ॅडमिनचा पासवर्ड सर्व संगणकांवर पोहोचवण्याची सोय होती. तो कूटबद्ध करण्याची किल्ली कंपनीच्याच दस्तऐवजात प्रसिद्ध होती, त्यामुळे तो वाचणे कोणालाही शक्य होते. मे २०१४ मध्ये ही सोय बंद करण्यात आली आणि मे २०१५ मध्ये कंपनीने लॅप्स हे साधन दिले, ज्यात प्रत्येक यंत्राचा पासवर्ड वेगळा, यादृच्छिक आणि निर्देशिकेत सुरक्षित ठेवलेला असतो. २०१५ मध्येच हॅशिकॉर्प कंपनीचे व्हॉल्ट हे पासवर्ड सांभाळणारे साधन आले, ज्याने अल्पकाळ टिकणाऱ्या पासवर्डची कल्पना सर्व्हरच्या जगात रुजवली. सगळीकडे एकच पासवर्ड आणि तो वारंवार बदलायचा, या जुन्या रीतीपासून प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड आणि त्याची नोंद एका ठिकाणी, या रीतीकडे झालेला हा प्रवास मला पासवर्डच्या मुदतीच्या चर्चेपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

मुदतीचा नियमही दरम्यान डळमळला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले की मुदत संपल्यावर लोक जुन्याच पासवर्डमध्ये किरकोळ फेरफार करतात, आणि जुना पासवर्ड हाती असला तर नवा ओळखणे बऱ्याच खात्यांच्या बाबतीत सोपे जाते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने जून २०१७ मध्ये, विनाकारण ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये, मात्र तो उघड झाल्याचा पुरावा असेल तर बदल सक्तीने करावा, अशी भूमिका घेतली.

आपल्याकडच्या परिस्थितीत या भूमिकेचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. येथील महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुले दोन-तीन वर्षे स्थानिक कंपनीत काम शिकतात आणि पुण्याची संधी मिळाली की जातात. ते योग्यच आहे. पण जाताना पाच ग्राहकांच्या आठ सर्व्हरचे सामाईक पासवर्ड त्यांच्याबरोबर जातात. त्यात त्यांचा काही हेतू नसतो. ते पासवर्ड त्यांना रोजच्या कामाने पाठ झालेले असतात, आणि कार्यालयात मात्र ते कोणालाच पूर्ण ठाऊक नसतात. पासवर्ड बदलण्याचा खरा दिवस कॅलेंडरवरची नव्वदावी तारीख नसून सहकाऱ्याचा कामाचा शेवटचा दिवस आहे. त्या दिवशी सर्व इन्स्टन्सची यादी हाती नसेल, तर एखादा विसरलेला चाचणी सर्व्हर जुन्या पासवर्डसह चालूच राहतो.

भारतातील नियमनही हळूहळू याच दिशेने आले. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली आणि पासवर्ड व्यवस्थापनाचा तिच्यात समावेश केला. त्यामुळे मराठवाड्यातील सहकारी बँकांपुढेही हा विषय आला. सर्ट-इन या सायबर घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. सर्व कर्मचारी ‘अ‍ॅडमिन’ या एकाच नावाने लॉगिन करत असतील, तर १८० दिवसांचे ते लॉग कोणी काय केले हे सांगू शकत नाहीत. म्हणून आता अनेक ठिकाणी टॉमकॅट किंवा वेबलॉजिकचे कन्सोल कार्यालयाच्या मध्यवर्ती एलडॅपशी जोडले जात आहेत : प्रत्येक अभियंत्याचे स्वतःचे खाते, तो गेला की ते एकच खाते बंद, आणि सर्व्हरमधील स्थानिक अ‍ॅडमिन केवळ आणीबाणीसाठी, सीलबंद लखोट्यात किंवा पासवर्ड व्हॉल्टमध्ये ठेवलेला.