मुंगीरूपी कोळी

उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या साल्टिसिडी कुलातील, रूपाने व चालीने मुंगीची अनुकृती करणारे कोळी. कुलात ६,००० हून अधिक जाती असून अशी अनुकृती त्यात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवली असावी. मिर्माराक्ने ही प्रमुख प्रजाती (जवळच्या जातींचा गट) निसर्ग-अभ्यासक मॅक्ली यांनी १८३९ मध्ये स्थापिली. तिच्यातील विणकर मुंगीसारखी (पाने जोडून घरटे करणाऱ्या मुंगीसारखी) दिसणारी जाती २०१६ पासून मिर्माप्लाटा या प्रजातीत घालतात. जुन्या भारतीय याद्यांत मात्र ती पहिल्याच नावाने शोधावी लागते.

कोळ्याच्या शरीराचे भाग दोनच. पण येथे शिरोवक्षावर (डोके व छाती मिळून झालेल्या पुढच्या भागावर) खाच पडून डोके व वक्ष वेगळे भासतात आणि कंबर बारीक दिसते. मुंगीसारख्या शृंगिका (डोक्यावरील स्पर्शांगे) नसल्याने तो पुढचे पाय उचलून हलवतो. यावरून तो सहा पायांवरच चालतो, असे पूर्वी लिहिले जाई. २०१७ मध्ये मिर्माराक्ने फॉर्मिकारिया या जातीच्या अतिवेगवान चित्रणात वेगळेच दिसले : कोळी आठही पायांवर चालतो, मध्येच सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका थांबतो आणि तेवढ्यात पुढचे पाय वर करतो. इतका थोडा थांबा डोळ्यांना जाणवत नाही. वाटही तो मुंगीसारखी नागमोडी धरतो. एका जातीवरचा हा निष्कर्ष सर्व जातींना लावता येणार नाही. तरी जुन्या मतापेक्षा तो अधिक ग्राह्य वाटतो.

मुंग्या खाण्यासाठी हे सोंग, असेही एक मत आहे. बहुतेक जाती मुंग्यांना टाळतात, हे पाहता इंग्रज निसर्ग-अभ्यासक बेट्स यांनी १८६२ मध्ये मांडलेली संरक्षक अनुकृतीची कल्पनाच (भक्षक टाळतात अशा जीवाचे रूप घेऊन बचाव करणे) येथे जुळते. मुंगी चावते, काही जाती आम्ल फवारतात, शिवाय एकीमागे अनेक धावून येतात. म्हणून पुष्कळ भक्षक तिच्या वाटेला जात नाहीत. प्रौढ नराच्या लांबलचक नखरिकांमुळे (तोंडाजवळील जबड्यांसारख्या अवयवांमुळे) हे रूप बिघडेल असे वाटते, पण तो तोंडात ओझे धरलेल्या मुंगीसारखा दिसतो. नक्कल मोडण्याऐवजी ती अशी निभावली जाते, हे या कोळ्यांचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य होय.

विदर्भात मेळघाटातील कोळ्यांच्या नोंदी अमरावती जिल्ह्यातील अभ्यासकांनी केल्या आहेत. शेताच्या धुऱ्यावरील (बांधावरील) आंबा, मोह किंवा बाभळीच्या खोडावर मुंग्यांच्या ये-जा करणाऱ्या रांगेजवळ एकटाच वावरणारा जीव नीट पाहावा. फांदीला धक्का लागताच तो धागा सोडून लोंबकळला, तर तो कोळी.