कुंथताना आवळणारा स्नायू

बद्धकोष्ठतेचा विषय निघाला की ऐकणारा प्रत्येक जण क्षणात वैद्य होतो. पाणी भरपूर पी, चोथा असलेलं खा, रोज चालायला जा. सल्ला वाईट नाही. पण हे सगळं वर्षानुवर्षं इमानेइतबारे करूनही अर्धा-अर्धा तास संडासात बसून, घामाघूम होऊन, ‘अजून आत आहेच’ असं वाटत बाहेर येणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना आणखी एकदा ‘पाणी पी’ म्हणणं म्हणजे त्यांच्या जखमेवर मीठ चोळणं आहे. यातल्या काहींना नीट विचारलं तर तक्रार फार मागे जाते, अगदी वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत. त्यांना लहानपणी शी करायची भीती वाटत असे.

चोथ्याचा सल्ला किती लोकांना लागू पडतो, हे जर्मनीतल्या संशोधकांनी १९९७ साली तपासलं. जुनी बद्धकोष्ठता असलेल्या १४९ जणांना त्यांनी किमान सहा आठवडे तंतुमय पूड दिली. ज्यांच्या आतड्याच्या तपासण्यांत काहीच दोष निघाला नव्हता, त्यांच्यातल्या ८५ टक्के लोकांना बरं वाटलं. मात्र ज्यांचा दोष मल बाहेर टाकण्याच्या क्रियेतच होता, त्यांच्यातल्या ६३ टक्के लोकांना काडीचाही फायदा झाला नाही. होणार कसा? बाहेर पडायची वाट आवळलेली असताना मागून माल वाढवला तर कोंडीच वाढते.

ही वाट आवळली जाते कशी? सुरुवात बहुधा एका साध्या घटनेतून होते. कधीतरी शी कडक होते, दुखते, कडेला बारीकशी चीर पडते. किंवा मोठ्यांच्या भांड्यावर पाय अधांतरी लोंबकळत बसवल्यावर आत पडू असं वाटतं, फ्लशचा आवाज भयंकर वाटतो, शाळेतला संडास घाण असतो, किंवा घरचे घाई करतात, रागावतात. मूल ठरवतं, करायचीच नाही. असं मूल जवळून पाहिलंत तर गंमत दिसेल. ते पडद्यामागे किंवा दाराआड जाऊन उभं राहतं, चवड्यांवर येतं, पायाला पाय घट्ट लावतं, कुल्ले आवळतं, अंग ताठ करतं आणि तोंड लाल होतं. आईबापांना वाटतं, बिचारं किती जोर लावतंय, तरी होत नाही! खरं तर ते बाहेर काढायला नव्हे, आत ठेवायला जोर लावत असतं.

इकडे मोठं आतडं आपलं काम चोख करत राहतं. रोज साधारण दीड लिटर पाणी त्याच्याकडे येतं आणि त्यातलं जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर मलात उरतं. बाकीचं शोषलं जातं. मल जितका जास्त वेळ थांबेल तितका कोरडा आणि मोठा होतो. मग पुढची शी आणखी दुखते, आणि मुलाचा ‘करायचीच नाही’ हा निश्चय त्याच्या दृष्टीनं अगदी बरोबर ठरतो.

आता ज्या यंत्रणेसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो. शरीरशास्त्राच्या शालेय पुस्तकात पचनसंस्थेचं चित्र गुदद्वारापाशी एका बाणानं संपतं. त्या बाणाच्या जागी असलेल्या तीन-चार सेंटिमीटरच्या नळीत जे चालतं, ते मला हृदयाच्या झडपांपेक्षाही विलक्षण वाटतं.

या नळीभोवती स्नायूंची दोन कडी आहेत, एकात एक. आतलं कडं आपल्या हुकमात नाही. ते दिवसरात्र आवळलेलं असतं, आणि आपण झोपेत असतानाही काही सांडत नाही याचं बरंचसं श्रेय त्याचंच. बाहेरचं कडं हाता-पायांच्या स्नायूंसारखं आपल्या इच्छेनं चालतं. शिवाय तिसरा एक स्नायू आहे, प्युबोरेक्टॅलिस. तो पुढच्या बाजूला जघनास्थीपासून निघतो, मलाशयाच्या मागून वळसा घालतो आणि परत पुढे येऊन त्याच हाडाला चिकटतो. एरवी तो मलाशयाला पुढे ओढून धरतो, त्यामुळे मलाशय आणि गुदनळी यांच्यात जवळजवळ काटकोन होतो. बागेतल्या पाण्याच्या नळीला दुमड पडली की नळ चालू असूनही पाणी थांबतं, तसं.

आता मल मलाशयात उतरला असं समजा. मलाशयाची भिंत ताणली जाते आणि आतलं कडं आपोआप सैल पडतं. यासाठी मेंदूची गरज लागत नाही, मेरुरज्जूचीही नाही. आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशीच आपसात निरोप पोचवतात आणि शेवटी नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडून स्नायूला सैल करतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया विल्यम गावर्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७७ मध्ये नोंदवली. काही बाळांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात या चेतापेशी जन्मतःच नसतात (हर्शस्प्रंगचा आजार). त्यांच्यात हे कडं सैलच पडत नाही. म्हणून जन्मल्याबरोबर बद्धकोष्ठता असलेल्या बाळात डॉक्टर ही क्रिया आहे की नाही हे आवर्जून पाहतात.

आतलं कडं सैल पडतं त्याच वेळी बाहेरचं कडं किंचित आवळतं. त्यामुळे बाहेर काही येत नाही, पण मलाशयातला थोडासा ऐवज गुदनळीच्या वरच्या भागापर्यंत खाली सरकतो. आणि तिथे खरी जादू आहे! मलाशयाला फक्त ताण कळतो, आत काय आहे ते कळत नाही. गुदनळीच्या त्या पट्ट्यातलं अस्तर मात्र स्पर्श, तापमान, वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांनी खच्चून भरलेलं आहे. तिथे नमुना तपासला जातो. घन आहे, पातळ आहे की नुसता वारा? चार माणसांत बसून आपण वारा बिनधोक सारू शकतो तो या तपासणीच्या भरवशावर. ही तपासणी दिवसभर, तासातून अनेकदा चालू असते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो.

नमुना घन निघाला आणि वेळ सोयीची नसेल, तर आपण बाहेरचं कडं आणि प्युबोरेक्टॅलिस आवळतो. ऐवज वर ढकलला जातो, मलाशयाची भिंत सैलावून त्याला जागा देते आणि शौचाची कळ ओसरते. वेळ सोयीची असेल तर पोटातला दाब वाढतो, प्युबोरेक्टॅलिस ढिला पडतो, दुमड सुटते, ओटीपोटाचा तळ खाली उतरतो आणि बाहेरचं कडं उघडतं. उकिडवं बसल्यावर ही दुमड जास्त सुटते. म्हणून कमोडवर बसणाऱ्यांनी पायाखाली पाट घेतला तर फरक पडतो.

एकीकडे दाब वाढवायचा आणि त्याच क्षणी दुसरीकडे सैल सोडायचं, हा मेळ माणूस जन्मतः घेऊन येत नाही. नऊ महिन्यांच्या आतली काही बाळं दहा-दहा मिनिटं रडतात, लालबुंद होतात, आणि मग निघते अगदी मऊ शी. आजार काही नसतो. पोटाचा जोर लावताना तळ सैल सोडायचा असतो, हे त्यांना अजून जमलेलं नसतं. काही आठवड्यांत जमतं.

म्हणजे ही शिकण्याची गोष्ट आहे. आणि जी शिकता येते ती उलटीही शिकता येते.

दाराआड चवड्यांवर उभं असलेलं ते मूल नेमका उलटा पाठ गिरवत असतं. कळ आली की आवळ. हजारो वेळा. मोठेपणी दुखणं जातं, फ्लशची भीतीही जाते, पण पाठ राहतो. माणूस बसतो, कुंथतो, आणि त्या क्षणी प्युबोरेक्टॅलिस सैल पडण्याऐवजी आणखी आवळतो. जितका जोर जास्त तितकी दुमड घट्ट. त्याला स्वतःला याची सुतराम कल्पना नसते, कारण हे स्नायू ना दिसतात, ना त्यांच्याकडे कुणी लक्ष द्यायला शिकवलेलं असतं. डॉक्टर याला डिससिनर्जिया म्हणतात. अशा प्रत्येक रुग्णाच्या मागे बालपणीची भीती असतेच असं नाही. बाळंतपण, दुखापत, नुसती वाईट सवय, कारणं बरीच आहेत. पण नेदरलँड्समध्ये बद्धकोष्ठतेच्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश मुलांची तक्रार प्रौढ वयातही टिकून होती. ‘मोठं झालं की आपोआप जाईल’ हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही.

दुसरा परिणाम मलाशयावर होतो, आणि इथे थोडं किचकट बोलावं लागेल. ताण ओळखणाऱ्या चेतातंतूंना आकारमान कळत नाही, भिंतीतला ताण कळतो. दाब ठरावीक वाढेपर्यंत आकारमान किती वाढू शकतं, या नात्याला काम्प्लायन्स म्हणतात. वर्षानुवर्षं भरलेल्या मलाशयाची भिंत सैल होते, काम्प्लायन्स वाढतो, म्हणजे तेवढ्याच मलानं दाब आणि ताण कमी निर्माण होतो. मग कळ येण्यासाठी आणि आतलं कडं उघडण्यासाठीही जास्त मल लागतो. जास्त मल साठला की भिंत आणखी ताणली जाते. काही जणांना अखेर कळ अशी येतच नाही, नुसतं पोट जड वाटतं. लहान मुलांत याच अवस्थेत कडक गोळ्याच्या कडेनं पातळ मल झिरपून चड्डी खराब होते आणि त्यावरून त्यांना बोलणी बसतात. त्या मुलाला खरोखरच कळलेलं नसतं हो!

तिसरी गोष्ट १९९० च्या एका प्रयोगातून दिसली. बारा निरोगी तरुणांना शौचाला जाणं मुद्दाम टाळायला सांगितलं. त्यांच्या शौचाच्या वेळा तर कमी झाल्याच, पण आतड्यातून मल पुढे सरकण्याचा वेगही मंदावला, अगदी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातसुद्धा. शेवटचं टोक अडवलं की मागचा सगळा कारभार सुस्तावतो. या माणसांच्या आतड्यांत काडीचाही दोष नव्हता.

आता थोडं ‘विषा’बद्दल. पोट साफ झालं नाही की शरीरात विष पसरतं, ही समजूत आजच्या डिटॉक्सच्या जाहिरातींत दिसते, पण ती बरीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे नामांकित शल्यविशारद आर्बथनॉट लेन याच समजुतीपायी बद्धकोष्ठतेच्या रुग्णांचं मोठं आतडंच कापून काढत. वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरांनी १९१९ मध्ये प्रश्न विचारला. विष रक्तात गेलं असेल तर शौच झाल्याबरोबर काही मिनिटांत डोकं हलकं कसं होतं? रक्त इतक्या लवकर स्वच्छ होत नाही. पुढे १९२२ मध्ये डोनाल्डसन यांनी स्वयंसेवकांच्या मलाशयात चक्क कापूस भरला. तेच डोकं जड होणं, तोच आळस, आणि कापूस काढल्यावर सुटका. कापसात कसलं विष? त्रास होता भिंत ताणल्याचा. तरी शंभर वर्षांनंतर आतडी ‘धुऊन’ देणाऱ्यांचा धंदा तेजीत आहे. रोज एकदा व्हायलाच हवं हाही असाच हट्ट. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा सगळा पल्ला निरोगी माणसांचा आहे. या हट्टापायी माणसं कळ नसताना जाऊन कुंथत बसतात आणि उलटा पाठ पक्का करतात.

तपासणी दिसायला विचित्र पण सोपी आहे. एका बारीक नळीच्या टोकाचा फुगा मलाशयात ठेवून त्यात सुमारे पन्नास मिलिलिटर पाणी भरतात आणि तो एकांतात बाहेर टाकायला सांगतात. निरोगी माणसाला बहुधा मिनिटभरात जमतं. जोडीला दाब मोजणारी नळी घालून कुठला स्नायू केव्हा आवळतो ते पाहतात. परक्या माणसांसमोर, आडवं झोपून हे करायला सांगितल्यावर धडधाकट माणूसही लाजेनं आवळतो, म्हणून एकाच तपासणीवर निदान करत नाहीत.

उपचारात तीच नळी शिक्षक होते. रुग्णासमोर पडद्यावर दोन रेषा असतात, एक मलाशयातल्या दाबाची, दुसरी गुदनळीतल्या. जोर लावताना पहिली चढली पाहिजे आणि दुसरी उतरली पाहिजे. पहिल्या दिवशी दोन्ही एकदम चढतात, आणि आपण आजवर काय करत होतो ते रुग्णाला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं. मग श्वास सोडत, पोट पुढे येऊ देत, कमी जोर लावत, दुसरी रेषा खाली आणण्याचा सराव. याला बायोफीडबॅक म्हणतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इटलीत केलेल्या तुलनेत सहा महिन्यांनी बायोफीडबॅक घेतलेल्यांपैकी ८० टक्के लोकांना ठळक सुधारणा होती. रेचक आणि जोडीला समुपदेशन मिळालेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं.

म्हणून रेचकं टाकाऊ ठरत नाहीत. मल मऊ ठेवणारं, पाणी धरून ठेवणारं औषध हे सराव चालू असताना फार उपयोगी पडतं, कारण दुखलं की शरीर जुन्या पाठाकडे धाव घेतं. जेवणानंतर मोठं आतडं हलू लागतं, सकाळी उठल्यावरही, तेव्हा त्या वेळी बसायचं, पाच-दहा मिनिटं, आणि नाही झालं तर उठायचं. मलातून रक्त जाणं, वजन उतरणं, किंवा उतारवयात अचानक सुरू झालेली बद्धकोष्ठता असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

ज्यांची कळच गेलेली असते त्यांच्यासाठी याच सरावाचा दुसरा भाग आहे. मलाशयातला फुगा आधी इतका फुगवतात की रुग्णाला नक्की जाणवेल. मग दर वेळी थोडी हवा कमी करत ‘आत्ता कळतंय का?’ असं विचारत जातात. बऱ्याच जणांना हळूहळू कमी हवेलाही कळायला लागतं, आणि मग घरी, जेवण झाल्यावर, कित्येक वर्षांनी संडासला लागतं.