ग्रुपने येताय? मग बुकिंगच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी,

नाताळची सुट्टी आणि मे महिना, हे दोन सीझन आमच्याकडे जास्त करून मित्रांचे ग्रुप येतात, कॉलेजपासूनची दोस्ती, आता बायका-मुलांसकट दरवर्षी एकदा समुद्रावर जायचंच असं ठरलेलं. आम्हालाही असे ग्रुप आवडतात, मुलं एकमेकांत रमतात, कुणाची कटकट नसते. आणि हो, आम्ही दापोलीच्या मुरुडला, जंजिऱ्याच्या नाही. नुसतं मुरुड टाकून मॅप लावलात तर भलतीकडे पोचाल.

आता मुख्य मुद्दा. ‘आम्ही चार फॅमिली आहोत’ हा आकडा नाही हो! चार फॅमिली म्हणजे आठ मोठे आणि पाच पोरं, नाहीतर कुणाची आई, कुणाची मेहुणी धरून अठरा माणसं, दोन्ही होतं. त्यात ग्रुपमधून चौघांचे चार फोन, एक म्हणतो सगळे मासे खातात, दुसरा म्हणतो तिघं व्हेज, तिसऱ्याच्या बायकोचा सोमवार, आणि चौथा माणगावहून कळवतो की अजून एक गाडी वाढलीय. म्हणून कृपा करून एकच माणूस ठरवा, त्यानेच फोन करायचा. मोठे किती, मुलं किती आणि केवढी, मासे कोण खाणार, उपास कुणाचा, एवढं आदल्या रात्रीपर्यंत एका मेसेजमध्ये टाका. मग ग्रुपवर तुम्ही कितीही भांडा.

एवढा आग्रह का, तर मासे आम्ही हर्णैच्या बंदरावरून रोजच्या रोज आणतो. संध्याकाळी होड्या लागल्या की तिथे लिलाव होतो, तेव्हाच घ्यायचं. सुरमई अख्खी घेऊन तुकड्या माणसं मोजून पाडाव्या लागतात, पापलेट तर नगावरच. रात्री आठला ‘चार जण वाढलेत’ सांगितलंत तर ताजं आणायचं कुठून? बर्फातला मासा आम्ही ताटात वाढत नाही, तसं करणं सोपं आहे हे आम्हालाही कळतं, पण मग आमच्याकडे येण्यात काय राहिलं. उलट चार कमी आले तर केलेलं वाया जातं, म्हणून सांगितलेल्या ताटांचे पैसे घेतो, त्यावर वाद नको. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही आदल्या दिवशीच, आई आणि काकू हातानेच वळतात, मशीन नाही. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा पापलेटचा हट्ट धरू नका, वालाचं बिरडं खाऊन बघा.

श्रीवर्धनकडून येणाऱ्यांनी बागमांडला-वेसवीची फेरी धरली तर गाडीसकट पलीकडे येता येतं, मुलांना मजा वाटते, पण सुट्टीत रांग लागते. ‘दोनला जेवायला पोचतो’ म्हणणारे पाचला येतात, तोपर्यंत भाकऱ्या वातड. निघताना आणि फेरीतून उतरल्यावर एकेक फोन टाका, आम्ही त्या हिशोबाने तवा ठेवतो.

समुद्राचं थोडक्यात. भरतीची वेळ पंचांगावरून काढता येते, तिथीला पाऊणने गुणायचं, म्हणजे अष्टमीला साधारण सहा वाजता पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, तेव्हा मुलांना बाहेर काढा, फोटो नंतर. गाडी वाळूत उतरवू नका, ट्रॅक्टरवाल्याचे पैसे तुम्हालाच द्यायचेत.

मुलं सगळी एकत्रच झोपणार, हे आम्हाला माहीत आहे. त्यांच्यासाठी पडवीत गाद्या घालून मच्छरदाणी लावून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत, फक्त गाद्या मोजायला परत तोच आकडा लागतो. पाच वर्षांखालच्यांचं जेवण फ्री, त्यांना बिनतिखटाचा वरणभात आणि तूप असतंच. रात्री दहानंतर स्पीकर बंद, शेजारी म्हातारी माणसं आहेत.

दरवर्षीच्या ग्रुपनी निघतानाच पुढच्या वर्षीच्या तारखा सांगून ठेवल्या तर दिवाळीपर्यंत अॅडव्हान्स मागत नाही, खोल्या धरून ठेवतो. नाताळच्या आठवड्याचं मात्र गणपतीतच विचारून टाका.